कुलूप त्यांचं, पाय माझे

४ जून

प्रिय टोळ,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा मूठभर जास्त घे. घरात सगळ्यांचा मूड चांगला आहे आणि तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही.

तुमचा कोच कॅम्पमध्ये मोबाईल कपाटात कोंडतो म्हणून मी त्याला मनसोक्त शिव्या घालणार होते. पण त्यामुळे निदान पत्रं तरी लिहिली जातात, म्हणून माफ केलं. तुझी आई म्हणाली, "तुम्हीच लिहा, मला दोन ओळींच्या पुढे काही सुचत नाही." म्हणून आत्याबाई शिवणाचं मशीन बाजूला सारून बसल्या आहेत.

बातमी अशी की तू चौकात उभी आहेस. काल सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली आणि दुपारपर्यंत बाबाच्या दुकानासमोरच्या इमारतीवर तुला डकवून मोकळी झाली. आधी पाय लागले, मग पोट, मग तोंड. पाय लागले तेव्हाच बाबा ओरडला, "हे आमचंच!" गुडघ्यावरची खूण बघून ओळखलं म्हणे, लहानपणी दुकानाच्या पायरीवर आपटली होतीस ती. तोंड लागेपर्यंत अर्ध्या रस्त्याला सांगून झालं होतं.

खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कुलूप त्यांचं, पाय माझे', आणि कोपऱ्यात त्या बुटांच्या कंपनीचं नाव. मला त्या ओळीचा काही अर्थ लागला नाही. बाबाला मात्र लागला. तो म्हणतो, पोरीने बापाच्या धंद्याची आठवण ठेवली. कंपनीवाल्यांनी विचारलं असेल, वडील काय करतात, तर ही म्हणाली असेल, कुलपं दुरुस्त करतात, चाव्या बनवतात. "कॉलेजात गेल्यावर पोरं बापाचा असला धंदा लपवतात, आपली तर चौकात लावते." एवढं म्हणून त्याने नाक शिंकरलं. सर्दी झाली असावी.

आता त्याने चावी घासायच्या मशीनचं तोंड फिरवून घेतलंय. मान वर केली की समोर तू. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हा स्वतःहून काही बोलत नाही, नुसता खाकरतो. गिऱ्हाईक वर बघेपर्यंत खाकरत राहतो. काल एकाने त्याला खोकल्याचं औषध सुचवलं.

शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, ह्याची फिल्मपण येणार आहे. कधी येणार ते कळव. बाबा त्या दिवशी दाढी करणार आहे.

तुझी,
आत्या


१३ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र संध्याकाळच्या प्रॅक्टिसनंतर मिळालं. मी ते खोलीत न वाचता ट्रॅकच्या कडेला बसून वाचलं. साष्टांग नमस्कार घालायला खोलीत जागाही नाही. कॉटखाली कंपनीच्या बुटांची खोकी रचली आहेत. मागच्या वर्षापर्यंत कॉलेजच्या खेळाडूने कुणाकडून साधी टोपी घेतली तरी चौकशी बसायची. आता नियम बदलला, तर सगळ्या कंपन्या आमच्या मागे आहेत. म्हणजे सगळ्यांच्या मागे नाहीत. माझी रूममेट माझ्यापेक्षा जोरात पळते, पण ती बोलायला लाजते, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. ती माझी खोकी रोज ओलांडून जाते आणि एका शब्दाने काही म्हणत नाही.

बाबांसाठी एक जोड पाठवते आहे. दुकानात उभं राहून पाय दुखतात ना त्यांचे?

फिल्मचं काही एवढं मनावर घेऊ नका. जाहिरातवाले काय वाटेल ते जोडतात. आपण एक सांगतो, ते तिखटमीठ लावून दुसरंच करतात. उगीच चारचौघांत बसून बघण्यासारखं काही नाही त्यात. तू बाबांना दुसऱ्या कशात तरी गुंतव. त्या आठवड्यात त्यांना घेऊन जा ना कुठेतरी, मावशीच्या घरी वगैरे. मशीनचं तोंडही परत होतं तसं फिरवायला सांग. उन्हाने त्यांना त्रास होईल.

आईला विचार, माझ्यावर रागावली आहे का. तिच्या हातच्या दोन ओळी तरी येऊ देत.

तुझी,
टोळ


२६ जून

टोळ,

फिल्म आली.

तुझं पत्र आलं होतं तेव्हाच मला वास आला होता. उन्हाचा त्रास काय, मावशी काय! पण मी म्हटलं, पोरगी लाजते आहे. बाबाने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि तू पाठवलेले बूट घालून झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. तिथे तो झेरॉक्सवाला, चष्म्यांच्या दुकानातला म्हातारा, तीन-चार गिऱ्हाइकं आणि मी. आई आली नाही, तिची कामावर जायची वेळ होती. तिने नंतर तिच्या कँटीनमधल्या टीव्हीवर बघितलं, सगळ्या बायकांच्या मध्ये उभी राहून.

तुला फिल्म माहीतच आहे, तरी मला लिहू दे, नाहीतर माझं डोकं शांत होणार नाही. अंधारात एक मिशीवाला माणूस येतो. मुलगी झोपलेली असते. तो बाहेरून दाराला हे एवढं कुलूप घालतो आणि चावी गळ्यात अडकवतो. मुलगी केसातली पिन काढते, फटीतून हात घालून कुलूप उघडते आणि पळत सुटते. आणि शेवटी तू. खरी तू, आमची. डोळ्यांत पाणी आणून म्हणतेस, "माझे बाबा कुलपं करतात. त्यांनी पहिलं कुलूप माझ्यासाठी केलं."

झेरॉक्सचं मशीन तेवढं चालू होतं. मग बाबा म्हणाला, "ते कुलूप पिनेने उघडत नाही. कितीही खुडबुड करा." सगळे हसले. तोही हसला. मग तो आपल्या दुकानात आला आणि त्याने एका बाईची चावी अशी घासली की ती कुठल्याच कुलपात गेली नसती. तिला दुसरी फुकट करून दिली. टोळ, तुझ्या बाबाच्या हातून चावी बिघडलेली मी जन्मात पहिल्यांदा बघितली.

ह्या कंपनीवाल्यांची जीभ झडत कशी नाही? तुझ्या तोंडात हे वाक्य घालताना कुणाला काही वाटलं नाही? तुला वाटलं नाही? पढवलं आणि बोललीस? अगं, मैदानाचं फाटक सहाला उघडायचं आणि तुला पाचला पळायचं असायचं. त्या वॉचमनचे गुडघे धरलेले, तो काही लवकर उठायचा नाही. तेव्हा बाबाने फाटकाचं गंजलेलं कुलूप फुकट दुरुस्त करून दिलं आणि वॉचमनच्याच परवानगीने दुसरी चावी करून स्वतःजवळ ठेवली. थंडी असो, ताप असो, हा तुझ्या आधी जाऊन फाटक उघडायचा आणि पायरीवर टॉर्च घेऊन बसायचा, तुझ्या वळणावर उजेड पडावा म्हणून. ती चावी अजून आपल्या दाराजवळच्या खिळ्याला आहे. परत दे म्हटलं की म्हणतो, टोळ सुट्टीला आली तर?

तुझी आई तेव्हापासून तुझा विषय निघाला की खोलीतून उठून जाते. तू विचारलंस म्हणून सांगते.

कोचला सांग. कंपनीला सांग. हे काढायला लाव. बाबाला मी समजावलंय की पोरीचा ह्यात काही दोष नाही. तो "हं" म्हणाला.

आत्या


५ जुलै

आत्या,

तू बाबांना जे समजावलंस ते खोटं आहे. माझ्या तोंडात कुणी काही घातलं नाही. ते मीच सांगितलं.

मी हे तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. आधीच्या दोन कागदांवर मी स्वतःचीच बाजू मांडत होते, म्हणून फाडले.

कंपनीच्या ऑफिसात आम्हा चौघींना बोलावलं होतं. काचेचं टेबल होतं, इतकं स्वच्छ की त्यावर हात ठेवायला लाज वाटावी. गोळाफेकवाली, उंच उडीवाली, एक बॉक्सर आणि मी. एक बाई होती, गोड बोलणारी. ती म्हणाली, वेळा आणि मेडल आमच्याकडे आहेत, ते सांगू नका, तुमच्या वाटेत काय आलं ते सांगा. गोळाफेकवालीचं घर जळलं होतं. उडीवालीच्या भावाने तिचे बूट विहिरीत टाकले होते. बॉक्सरने जे सांगितलं ते मी लिहू शकत नाही. सगळे डोळे पुसत होते. मग ती बाई माझ्याकडे वळली.

आणि आत्या, माझ्याकडे काहीच नव्हतं. आई डबा द्यायची, तू माझे कपडे शिवायचीस, बाबा फाटक उघडायचे. मी म्हटलं, "घरच्यांनी खूप साथ दिली." बाई छान हसली आणि तिने पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवलेलं मला सहन झालं नाही. माझ्या सुखाची मला तिथे लाज वाटली. मग तिने सहज विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, चाव्या बनवतात. ती म्हणाली, "म्हणजे कुलपंसुद्धा?" आणि तिचा हात परत पेनाकडे गेला.

मी म्हटलं, हो. मला कोंडायला पहिलं कुलूप त्यांनीच केलं.

त्यानंतर थांबता आलंच नाही. मिशी मी सांगितली नाही, ती त्यांची. बाकी सगळं माझं. पिनसुद्धा माझी. आणि शूटिंगच्या दिवशी ते वाक्य म्हणताना मला खरंच रडू आलं. स्वतःची कीव आली, त्या मुलीची, जी मी कधी नव्हतेच. तो दिवस आठवला की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाबांना हे सांगू नकोस. त्यांना वाटू दे की कंपनीनेच केलं. एवढा तरी समज राहू दे त्यांचा.

अजून एक आहे. कंपनीला दुसरी फिल्म करायची आहे. सहा ऑगस्टला इथे निवड स्पर्धेची फायनल आहे. तेव्हा वडिलांनी स्टेजवर यायचं, माझ्या हातात एक चावी द्यायची आणि म्हणायचं, "माझं चुकलं." मी सांगितलं की माझे वडील येणार नाहीत, त्यांची तब्येत बरी नसते. तुमच्याकडे कुणी आलं तर दार लावून घ्या. करारात असं आहे की गोष्ट खोटी निघाली तर सगळं रद्द. परदेशातल्या स्पर्धेला मला कंपनीच पाठवणार आहे. मला काय करावं ते सुचत नाही.

टोळ


१४ जुलै

टोळ,

तुझं पत्र मी न्हाणीघरात बसून वाचलं, म्हणजे तोंडावर पाणी मारायला नळ जवळ.

रागवायचं आहे, पण आधी जे झालं ते सांगते. तू पत्र लिहिलंस त्याच्या आधीच कंपनीचा माणूस येऊन गेला होता. मी तुला कळवायला उशीर केला कारण मला कळत नव्हतं की मी काय बघितलं. चांगला पोरगा होता बिचारा, इस्त्रीचे कपडे, हातात मिठाई. मी चहा घेऊन दुकानात गेले तर तो विचारत होता, "तुमची काही हरकत नाही ना, हे सगळं असंच घडलं ना?"

बाबाने कानस खाली ठेवली आणि म्हणाला, "हो. फार कडक होतो मी."

पोरगा म्हणाला, रोज कुलूप लावायचात? बाबा म्हणाला, "रोज. खिडकीलाही होतं." आत्ता मला सांग, आपल्या खिडकीला साधी कडी तरी लागते का? पाऊस आला की आपण वही अडकवतो तिथे!

पोरगा गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. म्हटलं, कंपनीने थापा मारल्या आणि तू वर शिक्का मारलास? तेव्हा तो म्हणाला, "ताई, कंपनीने नाही. टोळने सांगितलं."

तुला कसं कळलं, म्हटलं.

"पिन. कंपनीला पिन कुठून सुचणार? पेटीच्या छोट्या कुलपावर ती मी तिला शिकवली होती. सुट्टीत दुकानात बसून कंटाळायची ना. तिला पहिल्यांदा जमलं तेव्हा केवढी नाचली होती." एवढं म्हणून तो परत चावी घासायला लागला. म्हणजे फिल्म बघितली त्या क्षणापासून त्याला माहीत होतं. मी त्याला समजावत बसले होते आणि तो मला बरं वाटावं म्हणून "हं" म्हणत होता.

आता त्या पोराच्या सांगण्यावरून तो सहा तारखेला यायला निघालाय. आरशासमोर उभा राहून "माझं चुकलं" म्हणायची प्रॅक्टिस करतो. कधी हात जोडून, कधी न जोडता. मला विचारतो, कुठलं बरं दिसतं? रस्त्यावर लोकही काहीबाही बोलतात. कालच एकजण म्हणाला, "काय मास्तर, आज कुणाला कोंडलं?" तर हा म्हणतो, "बायकोला. म्हणून तर डबा मिळाला नाही." आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतो.

तुझ्या आईने त्याचा निळा शर्ट इस्त्री केला आणि कॉलर जाळली. तुझी आई इस्त्री करताना कधी काही जाळत नाही. मी ती कॉलर उलटवून शिवते आहे आणि प्रत्येक टाक्याला तुझं नाव घेते आहे, चांगल्या अर्थाने नाही.

तू हे थांबव. तुझ्याशिवाय कुणाला थांबवता येणार नाही.

आत्या


२१ जुलै

आत्या,

थोडक्यात लिहिते, कारण लांबवलं तर लिहिता येणार नाही.

मी कंपनीच्या त्या बाईंना फोन करायला कोचकडून मोबाईल मागून घेतला होता. त्यांनी उचलला. मी म्हटलं, मला काहीतरी सांगायचंय. त्या म्हणाल्या, "तुझे वडील किती गोड आहेत गं, आमचा माणूस रडत परत आला." मी म्हटलं, हो, आहेत. आणि मग बुटांचं माप सांगून फोन ठेवला.

आत्या, फायनल तोंडावर आहे. निवड एकदा होऊ दे. परदेशातून आले की मी सगळं सांगेन, शप्पथ. बाबा एकदा येऊन एक वाक्य म्हणाले तर त्यानंतर हा विषय संपेल. ते स्वतः तयार आहेत ना? मी तर त्यांना म्हटलं नव्हतं.

शर्ट निळाच असू दे. मागचा पडदा पांढरा आहे, उठून दिसेल असं त्या म्हणत होत्या. हात जोडायची गरज नाही.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. ते मी स्वतःला म्हणून बघितलंय.

टोळ


२९ जुलै

चि. टोळ हिस बाबांचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. ताई म्हणाली मी लिहून देते, पण हे मीच लिहायला हवं. चुका असतील त्या सुधारून वाच.

मी सहा तारखेला येत नाही. शर्ट तयार आहे, तिकीटही काढलं होतं. रागावून नाही सांगत. तुझं वाक्य मी म्हणायला तयार होतो. मला त्यात मोठंसं काही वाटत नव्हतं. माझं नाव ह्या रस्त्यापुरतं, ते थोडं मळलं तर मळलं. त्यातून तुझं काम होत असेल तर माझं काय जातं, असा माझा हिशोब होता.

शनिवारी एक गिऱ्हाईक आलं. मागच्या गल्लीतले, कपड्यांच्या दुकानात हिशोबनीस आहेत, सज्जन माणूस. मी त्यांच्या कपाटाची चावी केली होती मागे. स्टुलावर बसले, समोर तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, मला तसलं कुलूप करून द्या.

मी म्हटलं, कसलं?

म्हणाले, तुम्ही मुलीसाठी केलं होतं तसलं, बाहेरून लावायचं, पण पिनेने न उघडणारं. त्यांची मुलगी तेरा-चौदाची आहे. चौकात तुझं चित्र लागल्यापासून ती पहाटे उठून मैदानावर पळायला जाते. घरात कुणाला न विचारता. ते घाबरलेत. बाप घाबरतो, त्यात काही नवल नाही.

मी म्हटलं, मी असलं कुलूप करत नाही. कधी केलंही नाही. ते हसले. म्हणाले, लाजता कशाला? तुमच्या कुलपामुळे तर तुमची मुलगी एवढी जिद्दीची झाली. मी शपथ घेतली. तेव्हा त्यांनी चौकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, तुमची स्वतःची मुलगी सांगते आहे, आणि तुम्ही स्वतः त्या कंपनीच्या माणसाला हो म्हणालात, झेरॉक्सवाल्याने ऐकलंय. मग खोटं कोण बोलतंय?

टोळ, मला त्या वेळी जी लाज वाटली ती फिल्म बघताना वाटली नव्हती. फिल्ममधलं माझ्यावर दुसऱ्याने लादलेलं होतं. हे मी स्वतः केलं होतं, तोंडाने हो म्हणून.

त्यांनी कुलूप दुसरीकडून आणलं. मी त्यांच्या घरावरून जाऊन बघितलं. चांगल्या बनावटीचं आहे. पिनेने उघडणार नाही.

म्हणून मी येत नाही. स्टेजवर आलो तर मला खरं बोलावं लागेल, आणि ते माझं बोलणं नाही, तुझं आहे. तू काय करायचं ते मी सांगत नाही. जोरात पळ. पाय गरम केल्याशिवाय पळू नकोस.

बाबा


९ ऑगस्ट

बाबा,

तुम्हाला काय लिहून नमस्कार करू ते कळत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

मी पळाले. निवड झाली नाही. ते सोडा.

तुम्ही आला नाहीत तर कंपनीचं काही अडणार नव्हतं. त्यांनी फिल्ममधला तो मिशीवाला माणूस आणला. निळा शर्ट घालून. बाबा, तो माणूस खरंच चांगला आहे. स्टेजच्या मागे मला विचारत होता, "बाई, मी कुठल्या बाजूला उभा राहू? तुमचे वडील कसे उभे राहतात?" मला आठवत होतं ते तुमचं बसणं, फाटकाच्या पायरीवर, टॉर्च गुडघ्यावर ठेवून.

त्याच्या हातात पुठ्ठ्याची मोठी सोनेरी चावी होती. त्याने ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "पोरी, माझं चुकलं." लोक उभे राहिले. मी माईक घेतला आणि म्हटलं, "हे माझे बाबा नाहीत. माझ्या बाबांनी मला कधी कोंडलं नाही. ते माझ्यासाठी फाटक उघडायचे. मी खोटं बोलले."

तिसऱ्या वाक्यालाच त्यांनी माईक बंद केला. मग तो माझ्या हातातून काढून घेतला आणि गाणं मोठं केलं. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं असेल. आणि बाबा, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. मला वाटलं होतं की खरं बोलले की छातीवरचं ओझं उतरेल. टाळ्या ऐकून मला तिथेच गाडून घ्यावंसं वाटलं. तो मिशीवाला तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. त्याने पुठ्ठ्याची चावी पाठीमागे लपवली.

कंपनीने करार रद्द केला आहे. फिल्म थांबवतात म्हणाले. कॉटखालची खोकी परत गेली. कोच बोलत नाहीत. रूममेटने काल माझ्या शेजारी बसून पहिल्यांदा मोठ्याने विचारलं, "तुझे बाबा खरंच टॉर्च घेऊन बसायचे?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग हे सांगायचं सोडून ते का सांगितलंस?"

त्या हिशोबनीस काकांना मी पत्र टाकलं आहे, तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर. तुम्ही ते पोचवाल का? स्वतः वाचा आधी.

कॅम्प संपतोय. मला घरी यायची लाज वाटते. तुम्ही नको म्हणालात तर मी हॉस्टेलवरच राहीन. आईला तर मी तोंडच दाखवू शकत नाही.

टोळ


१६ ऑगस्ट

टोळ,

बाबा म्हणतो तूच लिही, मी एकदा लिहिलं तेवढं पुरे. त्यामुळे परत मीच.

चौकातून तुला काढायला माणसं आली होती. आधी तोंड निघालं, मग पोट. मग त्यांची जेवणाची सुट्टी झाली ती झालीच, चार दिवस झाले. खालची पट्टी आहे तशी आहे, पाय आणि ती ओळ. बाबाने मशीनचं तोंड अजून फिरवलेलं नाही. मी म्हटलं फिरव, तर म्हणतो, राहू दे, दिसलं पाहिजे.

तुझं पत्र घेऊन आम्ही दोघं त्या हिशोबनीसाच्या घरी गेलो. पुढच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं, बाहेरून. तो स्वतः मागच्या दारातून आला. पत्र त्याने दारातच उभं राहून वाचलं, पूर्ण वाचलं, घडी घातली आणि बाबाच्या हातात परत दिलं. म्हणाला, "आधी ती म्हणाली कोंडलं. मग तुम्ही त्या कंपनीच्या पोराला म्हणालात हो. मग मला म्हणालात नाही. आता ती लिहिते नाही. तुम्ही सगळे मिळून काय ते एक ठरवा आणि मग माझ्याकडे या." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडता येतं. परत येताना बाबा सगळा रस्ता जमिनीकडे बघत चालत होता आणि मलाही मान वर करवेना.

तो पत्र वाचत होता तेव्हा आतून पोरीच्या पावलांचा आवाज येत होता. ती खोलीतल्या खोलीत पळत होती, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून तुझा बाबा खिळ्यावरची चावी घेऊन पहाटे मैदानावर जायला लागलाय. फाटक उघडतो, पायरीवर बसतो, उजाडलं की परत येतो. वॉचमन विचारतो, कुणासाठी? तो म्हणतो, कुणी आलं तर. ती पोरगी अजून आलेली नाही.

तू विचारलंस यायचं की नाही. ये. पण सरळ घरी येऊ नकोस. आधी त्या दाराशी जायचं. बाबा बरोबर येईल, पण तो गप्प उभा राहील, बोलायचं तू. इथे माईक बंद करायला कुणी नाही आणि टाळ्याही वाजणार नाहीत. त्याने दार लावून घेतलं तर दुसऱ्या दिवशी परत जायचं, आणि तिसऱ्या दिवशीही. पत्राने होणारं काम नाही हे. तुझं तोंड त्याने चौकात बघितलंय, आता समोर बघू दे.

मी हे लिहून झाल्यावर तुझ्या आईसमोर ठेवलं आणि म्हटलं, वाच तरी. तिने वाचलं आणि माझ्या हातातून पेन घेतलं. खालचं अक्षर तिचं आहे.

आत्या

तिथलं झालं की घरी ये. कितीही वेळ लागू दे, मी जेवायची थांबते.
आई